खुर्चीतला रेफरी

आमच्या गल्लीत क्लब कधी हरत नाही, त्याला हरवलं जातं. मैदान ओलं असतं, चेंडूत हवा जास्त असते, वारा नेमका समोरून येतो, आणि यातलं काहीच नसेल तर रेफरी चोर असतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी एकदा बोलून गेले, तर दादा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. खाली त्याचं सलून, वर आमचं बिऱ्हाड, मध्ये एक लाकडी जिना. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नसे, पण त्या जिन्यावरून फुटबॉल रोज आमच्या घरात चढून यायचा.

क्लब हरला की दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दादा सलूनचं शटर अर्धं ओढून घेई आणि आत रेफरीवर खटला चाले. खरा रेफरी केव्हाच आपल्या गावी पोचलेला असायचा. म्हणून त्याच्या जागी माझा नवरा.

रीत ठरलेली होती. दादा न्यायाधीश. आरोपी मधल्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, तोंडात शिट्टी. फिर्यादी नेहमीचाच, कंडक्टर. बसमध्ये उभं आयुष्य ओरडण्यात गेल्यामुळे त्याचा आवाज असा झाला होता की तो कुजबुजला तरी पुढच्या स्टॉपला ऐकू जावं. तो फोनवर कालचा घोटाळा सगळ्यांना दाखवी, मग आरोपीकडे बोट रोखी. आरोपी कानांवर हात ठेवी. "मी नाही त्यातला! ऐन वेळी माझ्या डोळ्यात चिलट गेलं!" आरोपीनं कबूल म्हणून करायचं नाही, हा मुख्य नियम. तो जितका नाकारेल तितका हशा वाढे. शेवटी दादा "दोषी!" असं ओरडून त्याच्या तोंडाला फेस फासे, वस्तऱ्याची बोथट बाजू गळ्यावरून फिरवी, आणि मंडळी पोट धरून हसत जेवायला घरी जात. रागाचा निचरा होऊन जाई.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दादाचा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे आमचं लग्नाआधीपासूनच अरे-तुरे. कोणाचीही नक्कल हुबेहूब करायचा, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं आणि हळूहळू गल्लीनं त्याला शिट्टीच म्हणायला सुरुवात केली. मला ते कधी आवडलं नाही. एका माणसाच्या गळ्याशी वस्तरा आहे आणि भोवतीचे हसतायत, हे मला खेळातसुद्धा बघवत नसे.

"तुला विनोद कळत नाही," दादा म्हणायचा.

नसेल कळत. पण त्या वर्षी हसणारेही हसेनासे झाले होते, हे माझ्याआधी कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या हंगामात क्लब तळाशी गेला होता. प्रत्येक खटल्याला गर्दी वाढत होती. ऑफसाइड नसताना रद्द झालेला गोल, मिशी आहे म्हणून दिल्यासारखं दिलेलं लाल कार्ड, दुसऱ्यांसाठी लांबवलेली आणि आपल्यासाठी आखडलेली वेळ. सगळ्यांना सगळं तोंडपाठ. मी चहाचा ट्रे घेऊन खाली जायचे तेव्हा पूर्वी "ताई, आलात? आता आरोपीला वाचवा!" अशी चेष्टा व्हायची. आता कप उचलले जायचे आणि कोणाचीही नजर फोनवरून हलायची नाही. दादा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत राहायचा. बोथट बाजूच वापरायची असेल तर धार कशाला लावतोस, असं मी विचारलं, तर म्हणाला, "हाताला सवय आहे गं."

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी स्टेशनसमोरच्या हॉटेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. नवऱ्याला बोलावणं आलं. त्यानं वरच्या मजल्यावरून दार सरकवून आतल्या माणसाला हात देऊन बाहेर ओढलं, तर तो उद्याचा रेफरी. घाबरून घामाघूम झालेला, साधासा माणूस. तीनदा आभार मानले, पाणी मागितलं. संध्याकाळी नवऱ्यानं हे सलूनमध्ये रंगवून सांगितलं तेव्हा सगळे खदखदले. "अरे, सोमवारपर्यंत राहू द्यायचास की आत!" कंडक्टर म्हणाला.

मॅच बरोबरीत सुटली असती तरी क्लब वाचला असता. बरोबरीच चालली होती. अगदी शेवटाला आमच्या गोलसमोर गर्दी झाली, चेंडू आमच्या एका खेळाडूच्या अंगावर आदळला आणि रेफरीनं पेनल्टी दिली. हाताला लागला म्हणून. आमचे म्हणाले छातीला लागला. गोल झाला, शिट्टी वाजली, क्लब खालच्या गटात गेला.

त्या रात्री गल्लीत कोणी आरडाओरडा केला नाही. मला तेच खटकलं. सकाळी दुकानं उघडली, पण माणसं कोणीतरी गेल्यासारखी हळू बोलत होती. दुपारपर्यंत बातमी आली की मैदानावरची निम्मी माणसं कमी करणार, आणि त्यात पहिलं नाव गोलीकाकांचं. गोलीकाका क्लबच्या चांगल्या दिवसांतले गोलकीपर. म्हातारपणी मैदानाचं गवत राखायचे. कुटुंब नाही, लेकरू नाही, जे काय होतं ते ते गवत. ते कधी खटल्याला यायचे नाहीत. त्या दिवशी आले आणि आरशाखालच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले.

मी चहा घेऊन गेले तेव्हा नवरा खुर्चीत होता. कंडक्टरनं बोट रोखलं, "बोल! छाती का हात?"

नवऱ्यानं शिट्टी तोंडातून काढली. "दे इकडे," म्हणाला. फोन घेतला, ती दृश्यं पुढे-मागे केली, थांबवली. मग नेहमीचा रेकणारा आवाज न लावता, घरी बोलतो त्या आवाजात म्हणाला, "हे बघा. इथे. कोपर बाहेर आहे. चेंडू हाताला लागलाय."

कोणी हसलं नाही. मग एक-दोघं हसले, त्यांना वाटलं, आता चिलट येणार.

"खरंच सांगतोय," तो म्हणाला. "काल मलाही छातीच वाटली होती. पण लागलाय हाताला. निदान या एका बाबतीत त्याचं चुकलं नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला! झाकली मूठ ठेवायला काय जात होतं याचं? कंडक्टरनं त्याच्या हातातून फोन घेतला, पुसून खिशात ठेवला.

"लिफ्टमध्ये काय बोलणं झालं तुमचं?" त्यानं विचारलं.

"कोणाचं?"

"तुझं आणि त्याचं."

"अरे, पाणी मागितलं त्यानं!"

"बाहेर कशाला काढलंस?" हे गोलीकाका बोलले. इतक्या हळू की विनोद आहे की प्रश्न, ते कळेना. दादानं फेसाचा ब्रश उचलला, परत ठेवला. त्या दिवशी निकाल न लागताच खटला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या कडीला एक प्लॅस्टिकची शिट्टी दोऱ्यानं बांधलेली होती. नवऱ्यानं ती सोडून खिशात टाकली. "पोरासोरांचे उद्योग," म्हणाला. तो स्टॉपवर उभा राहिला तर बस समोरून न थांबता गेली. दारात कंडक्टर उभा होता आणि त्यानं याच्याकडे पाहिलंही नाही. तो चालत निघाला. तेव्हा कुठल्याशा वरच्या खिडकीतून शिट्टी वाजली. मी गॅलरीतून पाहिलं, खिडक्या सगळ्या बंद.

मग ते रोजचंच झालं. तो बाहेर पडला की शिट्टी. एक खिडकी, मग समोरची, मग कोपऱ्यावरची. तो वळून पाही तेव्हा गल्लीत माणसं आपापल्या कामात असत. पाववाला पाव रचतोय, कोणी पायरी धुतंय. मी बाजारात गेले की बायका नेहमीसारख्या बोलत, भाव विचारत, फक्त मी पाठ केली की बोलणं थांबे. कडीला रोज नवी शिट्टी. मी त्या खिडकीतून खाली फेकत राहिले आणि त्या कोण उचलून नेतं, ते मला कधी दिसलं नाही.

"विकला गेला शिट्टी," असं आता उघड म्हणत होते. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, मला जिन्यात गाठून सांगितलं. "भाऊजी पूर्वी गंमत करायचे तेव्हा बरं होतं गं. आता खरं बोलायचं नडलंय कोणाचं?" मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही.

आणि मग एका दुपारी नवरा वेळेआधी घरी आला. हातपाय धुतले, बसला आणि घडलेलं सांगायला लागला. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करायचं तर आधी वरचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, अशी त्याची पद्धत. ती त्यानं कधी मोडली नव्हती. त्या दिवशी तो खड्ड्यात असताना डोक्यावरची लिफ्ट हलली. भिंतीच्या कोनाड्यात अंग चोरून वाचला. वर येऊन पाहिलं तर स्विच चालू, आणि कुलूप तोडून नीट जमिनीवर ठेवलेलं.

"जुनं होतं कुलूप, तुटलं असेल," तो म्हणाला.

"आणि स्विच कोणी चालू केला?"

तो उठला आणि दाराची कडी लावून आला. इतके दिवस मी चिडत होते, आता मला भीती वाटायला लागली. साधी, गार भीती. फुटबॉल गेला खड्ड्यात, मला माझा माणूस हवा होता.

त्याच संध्याकाळी दादा वर आला. आमच्या घरात तो नेहमी खुर्ची ओढून बसे. त्या दिवशी दाराजवळच उभा राहिला.

"उद्या दुपारी बसशील का रे एकदा खुर्चीत?" त्यानं नवऱ्याला विचारलं. "निकाल राहिलाय म्हणतात सगळे. येऊन म्हण, चुकलं, पेनल्टी नव्हती. विषय संपला."

"कोण म्हणतात?"

"सगळे."

"लिफ्टचं कुलूप कोणी तोडलं ते विचार त्या सगळ्यांना!" मी म्हणाले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही, हेही दिसलं. "म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला. "माझ्याकडे दाढीला येतात ना, गं. डोळे मिटून पडलेली माणसं काय काय बोलतात. मला आता ऐकवत नाही."

तो खाली गेल्यावर मी नवऱ्याच्या मागेच लागले. काय जातं तुझं, म्हटलं. सत्याचा तुरा लावून का कोणी पुजणार आहे तुला? शब्दच आहेत, म्हण आणि मोकळा हो.

"खुर्चीतला माणूस कबूल करत नाही," तो शेवटी म्हणाला. "आजपर्यंत कोणी केलेलं नाही. त्यावरच तर सगळा खेळ चालतो."

"मग नवा खेळ म्हण! तुझ्या पाया पडते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला तेवढं सोसत नाही. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याबरोबर खाली गेले. सलूनसमोर एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. गल्लीबाहेरचीही माणसं होती. कोणी क्लबचा शर्ट घातलेला नव्हता. साधे, कामावरचे कपडे. त्यांनी नवऱ्याला वाट करून दिली, त्याच्यामागे लगेच ती बंद झाली आणि मी बाहेर राहिले. "बाईमाणूस कशाला आत, ताई," कोणीतरी अगदी प्रेमानं म्हणालं. दादानं शटर अर्धं ओढलं. मी लोकांच्या पायांमधून वाट काढली, पायरीवर गुडघे टेकले आणि वाकून आत पाहायला लागले.

नवरा खुर्चीत बसला. दादानं कापड गळ्याभोवती बांधलं. शिट्टी कोणी दिली नाही.

"बोल," कंडक्टर म्हणाला. "छाती का हात?"

"छातीला लागला होता," नवरा म्हणाला. "पेनल्टी नव्हती. चुकलं माझं."

मी सुटकेचा श्वास सोडला. झालं, म्हटलं. आता दादा फेस लावेल, कोणीतरी हसेल, माणसं जेवायला जातील.

कोणी हसलं नाही. मग गोलीकाका बाकावरून उठले. ते खुर्चीसमोर आले, नवऱ्याच्या तोंडाकडे वाकून पाहायला लागले.

"का केलंस रे असं?" त्यांनी विचारलं. "काय वाईट केलं होतं आम्ही तुझं?"

"काका, मी आहे," नवरा म्हणाला. "मी. शिट्टी."

"एवढ्या वर्षांत एकानं तरी कबूल केलंय का? एकानं तरी?" गोलीकाका रडत होते. "तू केलंस. मग सांग ना, का केलंस ते."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. इतकी वर्षं त्यांच्यासमोर नाही म्हणणारा माणूस होता, आणि नाही म्हणणाऱ्यावर फक्त फेस फासता येतो. आज पहिल्यांदा त्यांच्या हाती हो म्हणणारा लागला होता. खरा रेफरी कुठेतरी आपल्या घरी जेवत असेल. यांना त्याचं आता काही पडलेलं नव्हतं. गुन्हेगार समोर बसला होता, कबूल झालेला.

"हो ना, सांग," मागून दुसरा आवाज आला. "माझं पोरगं अन्नाला शिवलं नाही."

"किती दिवसांपासून ठरलं होतं?"

"लिफ्टमध्ये ठरलं ना?"

"अरे, तुम्हीच म्हणालात म्हणून..." नवरा उठायला गेला. दोन हात त्याच्या खांद्यांवर पडले, त्यांनी त्याला खाली बसवलं.

"निकाल," कंडक्टर म्हणाला. या वेळी तो खरोखरच कुजबुजला.

"दोषी!" दादा नेहमीसारखा ओरडला, मोठ्यानं, हसत. हसू त्याच्या तोंडावर चिकटवल्यासारखं होतं. त्यानं घाईघाईनं ब्रश घेतला, नवऱ्याच्या गालांना, हनुवटीला फेस फासला. "झाली शिक्षा! चला, चला, जेवायची वेळ झाली!" कोणी जागचं हललं नाही. दादाचा ब्रश हवेतच राहिला.

"दादा," कंडक्टर म्हणाला, "आज तू बाजूला हो."

आणि कोणीतरी शटर धरून पूर्ण खाली ओढलं. माझ्या नाकासमोर ते जमिनीवर आपटलं.

मी दोन्ही हातांनी शटर बडवलं. "दादा! दादा रे!" आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग दादाचा, "हात लावू नका त्याला!", मग खूप पाय एकदम सरकल्याचा. मागची माणसं माझ्याकडे पाहत उभी होती, रांगेत नंबर लागायची वाट पाहावी तशी. रडून उपयोग नव्हता. विनवणी मी कालच करून चुकले होते. यांना एकच गोष्ट सहन होत नाही, हे मला तेव्हा सुचलं, आणि मी उठून रस्त्याच्या मध्यभागी गेले.

"हाताला लागला होता!" मी ओरडले. "ऐकलंत? चेंडू हाताला लागला होता! त्या दिवशी हा खरं तेच म्हणाला होता, आज मीच त्याला खोटं बोलायला लावलं! पेनल्टी बरोबर होती! रेफरीला नावं ठेवता? तुमच्या क्लबला खेळता येत नाही, म्हणून हरलात! वर्षभर हरलात!"

असं कोणी त्या गल्लीत कधी बोललं नव्हतं. समोरची एक खिडकी उघडली आणि शिट्टी वाजली. मग दुसरी. मग सगळ्याच. त्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येईना, तरी मी ओरडत राहिले, घसा फाटेपर्यंत, हाताला, हाताला.

आतली हालचाल थांबली. शटर वर जायला लागलं; आधी बूट दिसले, मग गुडघे. कंडक्टर बाहेर आला. त्याच्यामागे दादा, त्याच्या कपाळावरून रक्त येत होतं. आणि खुर्चीत माझा नवरा, तोंडभर फेस, शर्ट फाटलेला, जिवंत. तो माझ्याकडे पाहून मान हलवत होता, नको, नको.

कंडक्टरनं हात वर केला. खिडक्यांतल्या शिट्ट्या बंद झाल्या.

"काय म्हणालात, ताई?" त्यानं विचारलं. "पुन्हा म्हणा."

नवऱ्याच्या खांद्यांवरचे हात अजून सुटलेले नव्हते. मी त्या हातांकडे पाहिलं.

"हाताला लागला होता," मी म्हणाले. "पेनल्टी बरोबर होती."

ते हात सुटले. कोणीतरी नवऱ्याला उठवून बाजूला ढकललं, तो आरशाला धरून कसाबसा उभा राहिला आणि माझं नाव घेऊन ओरडला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. गोलीकाका वाकले आणि खुर्चीवर सांडलेला फेस आपल्या रुमालानं पुसायला लागले.

कंडक्टरनं शटर एका हातानं वर धरून ठेवलं, बसचं दार धरावं तसं.

"या ताई," तो म्हणाला. "बसा."